पाठीवरचं कराड

“नवा आलाय,” म्हातारा माझ्या पाठीमागून म्हणाला. “काळा हाय.”

मी शेळ्यांच्या खोपटामागं पोत्यावर बसले होते. सकाळचं ऊन, पाठ उघडी, पदर पुढून छातीशी गच्च धरलेला. माझी पाठ मला दिसत नाही, त्यामुळे म्हातारा सांगेल ते ऐकायचं एवढंच माझ्या हातात.

“कुठं?”

“कराडच्या खाली. दोन बोटं.”

“चामखीळ असंल.”

“चामखीळ मला कळतिया. मागल्या महिन्यात कराड मोकळं हुतं. मी सोता बघितलंय.”

“केवढा हाय?”

“मोहरीएवढा.”

त्यानंतर तो काहीच बोलला नाही. आमच्या लग्नाला बावन्न वर्षं झाली होती आणि तो गप्प बसलेला मला फार वेळा आठवत नाही. मी पोलक्यात हात घातले, हूक लावले आणि म्हणाले, “जावा, शेळ्या सोडा.” तो उठलाच नाही.

आता हे कराड काय ते सांगते.

त्याच्या आदल्या वर्षी माझ्या डाव्या टाचेतून कॅन्सर काढला होता. कातडीचा. टाचेला काळा डाग होता तो किती तरी दिवस मी बाभळीचा काटा मोडलाय असं समजून सुईनं कोरत होते. काटा निघाला नाही, डाग वाढला. सांगलीला विश्रामबागेत माझी लेक असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिनं पायाला तेल लावताना तो बघितला आणि दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेऊन बसवलं. तिथं टाचेचा तुकडा काढला, जांघेतली एक गाठ तपासायला काढली, आणि मांडीचं कातडं घेऊन टाचेला ठिगळ लावलं. जांघेतल्या गाठीत काही निघालं नाही. ठिगळाचे टाके मी नीट बघितले. वाकळेला मी याहून बारीक टाके घालते, पण त्यांना माणसाच्या टाचेवर घालायचे होते, म्हणून बोलले नाही.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या, पण बोलायला स्पष्ट. मला अशीच माणसं बरी वाटतात. त्या म्हणाल्या, “आजी, हा गेलाय. पण परत येणारच नाही असं मी म्हणणार नाही. आला आणि लवकर दिसला तर काढता येतो. उशिरा दिसला तर माझ्या हातात फारसं राहत नाही.” मग त्यांनी सांगितलं, महिन्यातून एकदा सगळी कातडी बघायची. डोकं, कानामागं, तोंडाच्या आत, तळहात, तळपाय, नखं, बोटांच्या बेचक्या. काखेत आणि जांघेत गाठ लागते का ते चाचपायचं. पाठ दुसऱ्या कुणाकडून बघून घ्यायची. नवा डाग आला, जुना वाढला, कडा वाकडी झाली, रंग बदलला, रक्त आलं, तर तडक यायचं. “आणि कुठल्याही डागाला नख लावायचं नाही, ओढायचं नाही, त्यावर काही चोळायचं नाही.” हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. सुईचं लेकीनं त्यांना सांगितलं होतं.

कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण त्यांनी यादीतून वगळलं. तेवढंच माझं काम कमी झालं.

पाठ कुणी बघायची हा प्रश्न होता. आमचा मुलगा फौजेत, तो वर्षातून एकदा येतो. सून म्हणाली, “मी मोबाईलवर फोटो काढते आणि ताईंना धाडते, म्हंजे सगळं जिथल्या तिथं राहील.” पहिल्याच महिन्यात तिनं माझ्या उघड्या पाठीचा फोटो लेकीला धाडायच्या ऐवजी सगळ्या भावकीच्या ग्रुपवर धाडला. लगेच तिघांनी हात जोडले. एकानं गुलाबाचं फूल टाकलं. माझ्या दिरानं विचारलं, “हा माळ कुणाचा? इकायचा हाय का?” सून दोन दिवस खोलीतून बाहेर येईना. तेव्हा म्हातारा म्हणाला, “ठेव तो फोन. मी बघतो. उभा जलम मेंढरं बघितली, एक म्हातारी बघायला काय?”

त्यानं चाळीस वर्षं मेंढरं राखली. गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकून चार शेळ्या घेतल्या. मेंढरू तपासायची त्याची एक पद्धत होती आणि ती त्यानं माझ्यासाठी तसूभरही बदलली नाही. आधी खूर. पाय मांडीवर घेऊन एकेक बोट फाकवून बघायचा. मग तोंड. मग डोळ्याची पापणी खाली ओढून म्हणायचा, “रगत बरं हाय.”

“डॉक्टरीणबाईंनी पापणी सांगितलेली न्हाई.”

“त्यास्नी काय म्हाईत? पापणीतच सगळं कळतं.”

दात बघितल्यावर म्हणायचा, “दातावरनं बघशील तर तू बाजारात न्यायच्या लायकीची न्हाईस.”

“मग कशाला बघताय? कसायाला बोलवा.”

“कसाईबी घ्यायचा न्हाई. नुसती हाडं.”

मग केस. लोकर बाजूला करतात तसा बोटांनी भांग पाडत पाडत डोक्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायचा. त्याचं हे काम एका दिवसात उरकत नसे. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पाय, तोंड आणि डोकं, आणि त्याच्या पुढच्या दिवशी पाठ. पोटाकडचं मी आरशात माझं मी बघायची.

पाठीवर माझ्या लहानमोठे पुष्कळ डाग आहेत. ते लक्षात कसे ठेवायचे? मी चौथीपर्यंत तरी शिकले, म्हातारा शाळेच्या दारात शेळी बांधण्यापुरताच गेलेला. पण मेंढरं घेऊन तो दरसाल कृष्णेच्या काठानं वाईपासून सांगलीपर्यंत हिंडायचा. शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलवायचे, तिथं मुक्काम पडायचा. ती वाट त्याला झोपेतसुद्धा चुकत नव्हती. म्हणून त्यानं ती माझ्या पाठीवर अंथरली. मणका म्हणजे कृष्णा. मानेच्या खाली वाई. तिच्या खाली सातारा. उजव्या फऱ्यावर, म्हणजे खांद्याच्या हाडावर, औंध, आमचा मुलूख. डाव्या फऱ्याची हाडं वर आलेली, ते महाबळेश्वर. पाठीच्या मध्यावर कराड. कंबरेला सांगली. प्रत्येक डाग कुठल्या ना कुठल्या गावाशेजारी बसवलेला होता. “औंधचा मोठा जाग्यावर हाय. साताऱ्याचे दोन हायत तसे हायत. सांगलीत तिघं. वाई मोकळी.” असं तो मोठ्यानं म्हणत जायचा आणि शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, “आवं, म्हातारं कुठं निघालंय म्हणायचं?”

सांगलीच्या खाली कर्नाटक. तिकडं जायचं म्हटलं की मी लुगडं घट्ट धरायची. “तिकडं काय न्हाई,” मी म्हणायची.

“बघितल्याबिगार कसं कळंल?”

“हद्द संपली. मागं फिरा.”

हे सगळं डॉक्टरीणबाईंना माहीत झालं होतं. पहिल्या तपासणीला म्हाताऱ्यानं त्यांना “साताऱ्याचा थोरला बघा” म्हटल्यावर त्या गोंधळल्या होत्या. मग त्यांनी कागदावर पाठीचं चित्र काढून म्हाताऱ्याकडून गावं लिहून घेतली आणि तो कागद माझ्या फाईलला लावला. कर्नाटक मात्र त्या स्वतः बघायच्या आणि मला नाही म्हणायची सोय नसायची.

तर असं हे कराड, आणि त्याच्या खाली मोहरीएवढा नवा काळा डाग. मला तो खाजत नव्हता, दुखत नव्हता. टाचेचाही दुखत नव्हता. म्हणूनच मला तो आवडला नाही.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी लग्नाला गेल्यात, सोमवारी येतील, तोवर दुसऱ्याला दाखवू का? मी नको म्हणाले. ह्या बाईंना माझी सगळी कातडी पाठ आहे. नवा डॉक्टर पुन्हा वाईपासून सुरुवात करणार. त्या दिवशी गुरुवार होता. चार दिवसांत काय होतंय, असं मी म्हणाले.

चार दिवसांत पुष्कळ झालं. म्हातारा रोज सकाळी कराड बघायला लागला. शुक्रवारी म्हणाला, “ज्वारीएवढा झाला.” शनिवारी म्हणाला, “मुगाचा टपोरा दाणा.” रविवारी काही सांगेचना. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “तूर.” आणि तोंड फिरवून उभा राहिला.

“रंग?”

“काळानिळा. आन चकाकतोय.”

इतक्या लवकर वाढणारी गोष्ट चांगली नसते एवढं मलाही कळत होतं.

त्यापेक्षा वाईट म्हणजे म्हातारा गुणी झाला. शनिवारी त्यानं स्वतः चहा करून आणला. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. चहात साखर इतकी की चमचा उभा राहिला असता. मी तो प्यायले, कारण तो समोर बसून बघत होता. दुपारी त्यानं विचारलं, “मटण आणू का? तुला चाप आवडतीया.” मी काहीही बोलले तरी उलटून बोलेना. मी म्हणाले, “तुमच्या आईनं माझी लय छळणूक केली.” तर म्हणाला, “व्हय, केली.” मग मात्र मी घाबरले. हा माणूस आईविरुद्ध एक शब्द ऐकून घेणारा नव्हता. याचा अर्थ मी मरणार, हे त्यानं धरलं होतं.

मग मीही आवरायला घेतलं. सुनेला बोलावून सांगितलं, “पितळेचं मोठं पातेलं तुझं. जावंनं मागितलं तरी द्यायचं न्हाई. तिनं माझी किसणी नेली ती अजून दिली न्हाई. हिरवं लुगडं लेकीला. नवं कोरं पांढरं हाय ते मला नेसवू नका, मला पांढरं शोभत न्हाई.”

सून रडायला लागली. “असं काय बोलताय, आत्याबाई?”

“रडू नको, लिहून घे. इसरशील.”

तिनं रडत रडत लिहून घेतलं. पातेल्याचं मात्र दोनदा विचारून खात्री केली.

सोमवारी पहाटेची एसटी धरली. आमच्याकडून विट्यावरून, तासगाववरून सांगली. गाडीत बाकाच्या पाठीला टेकायचं नाही, डाग चेंगरेल, असं म्हाताऱ्यानं ठरवलं. मी पुढच्या बाकाची दांडी धरून वाकून बसले आणि त्यानं आपला पंजा माझी पाठ आणि बाक यांच्यामध्ये धरून ठेवला. खड्डा आला की त्याचा हात दोन्हीकडून चेंगरायचा. कंडक्टर म्हणाला, “आजीस्नी काय झालंय, बाबा?”

“कराडच्या खाली काळा आलाय,” म्हातारा म्हणाला.

“ही गाडी कराडला जात न्हाई.”

“तिकडं जायाचंच न्हाई आमाला. सांगलीला दाखवाया चाललोय.”

कंडक्टरनं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिकीट देऊन पुढं गेला. विट्यापर्यंत तो आमच्याकडे फिरकला नाही.

स्टँडवर लेक आली होती. तिचं तोंड बघूनच कळलं की तिनं रात्रभर झोप घेतलेली नाही. दवाखान्यात आमचा नंबर लवकर लागला. डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली, पाठीचा कागद काढला. “काय म्हणतंय कराड?”

कुणी हसलं नाही. त्यांनी मला पालथं झोपवलं. दिवा लावलेलं भिंग असतं त्यांच्याकडं, ते डागावर धरलं. लेकीनं माझा हात धरला होता. म्हातारा पायाशी, टोपी हातात. बाई बघत राहिल्या. फार वेळ. त्या जवळ वाकल्या, त्यांचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. मी खालची फरशी बघत होते. मनात म्हटलं, हो की नाही ते बोल बाई एकदा, मला पोटावर झोपायची सवय नाही.

“आजी, हलू नका,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही नाही ना हललात?”

“म्हंजे?”

“कुणीतरी हललं.”

त्यांनी पुन्हा भिंग धरलं. नंतर त्यांचा आवाज बदलला. “बाबा, तुम्ही मेंढरं किती वर्षं राखली?”

“चाळीस.”

“इकडं या. ह्यातून बघा.”

म्हातारा आला. भिंगाला डोळा लावला. मग हळूच म्हणाला, “ह्येला पाय हायत.”

“किती?”

तो मोजायला लागला. पाचापर्यंत मोजलं आणि मध्येच थांबला. “आरं देवा. गोचीड हाय.”

लेकीनं माझा हात सोडला आणि तोंडावर पदर घेतला. ती हसतेय की रडतेय मला कळेना, मी पालथी होते. डॉक्टरीणबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे हलत होते, असं लेकीनं मला मागून सांगितलं.

मी तशीच पडून म्हणाले, “चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मेंढरं राखली आन बायकूच्या पाठीवरचा गोचीड वळखाया आला न्हाई तुमाला? रोज उठून त्येचं तोंड बघत हुता की!”

“मेंढरावर असता तर बोटानं चाचपून वळखला असता,” तो म्हणाला. “हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलं हुतं. आन तुझ्यावर मला दुसरं कायबी दिसंना. रोगच दिसायला लागला.”

मी म्हणाले, “काढा आता तो, का बाळसं धरायची वाट बघताय?”

बाईंनी चिमटा घेतला. तेवढ्यात म्हातारा पुन्हा मोठा माणूस झाला. “पिळू नका बाई. मुंडकं आत राहतं. कातडीजवळ धरा. हां. सरळ वढा, सावकाश. सावकाश! घाई केली की तुटतंय.” एवढ्या शिकलेल्या बाई, निमूटपणे तो सांगेल तसं करत होत्या. गोचीड सबंध निघाला. म्हाताऱ्यानं तो दिव्याखाली धरून बघितला आणि समाधानानं म्हणाला, “मादी हाय. पोट भरलंय.” माझ्या रक्तानं भरलेलं पोट, आणि ह्याला कौतुक. बाईंनी तो स्पिरिटच्या बाटलीत टाकला.

मग त्यांनी हसणं बाजूला ठेवून माझी सगळी कातडी बघितली, डोक्यापासून टाचेच्या ठिगळापर्यंत. काखा, जांघा दाबून बघितल्या. कर्नाटकही बघितलं. कुठं काही नव्हतं. पंधरा दिवसांत ताप आला किंवा अंगावर पुरळ उठलं तर यायला सांगितलं. आणि विचारलं, “हा आला कुठून?”

“आता तुम्हीच सांगा,” मी म्हाताऱ्याला म्हणाले.

त्यानं हातातली टोपी डोक्याला घातली. मीच सांगितलं. मी म्हणत होते अंगणात खुर्ची टाका. ह्यांनी ऐकलं नाही. खोपटामागंच ऊन सरळ येतं, तिथंच मेंढरू नीट दिसतं, म्हणून शेळ्यांच्या खालचं पोतं झटकून मला त्यावर बसवत होते, आणि डोकं बघताना मी खोपटाच्या कुडाला टेकत होते. पहिल्या दिवशी पाय आणि डोकं बघता बघता गोचीड चढला, दुसऱ्या दिवशी ह्यांना सापडला. रोग बघायला बसवलं त्या जागेनंच रोग दिला.

“म्हणजे तपासणीमुळं झालं,” बाई म्हणाल्या.

“तपासणी झाली म्हणून सापडला,” म्हातारा म्हणाला. त्यात तथ्य होतं, पण मी ते कबूल केलं नाही.

परत जाताना मी बाकाला पाठ टेकवून झोपले. तो खिडकीतून बाहेर बघत बसला. विट्याला गाडी थांबली तेव्हा त्यानं भजी आणली आणि त्यातली मोठी स्वतः खाल्ली. म्हणजे मी मरत नव्हते.

गावात ही गोष्ट मीच सांगितली. सांगू नको म्हणून त्यानं हात जोडले होते, पण मी जो गोड चहा प्यायले त्याची भरपाई कुठून तरी व्हायला पाहिजे होती. पारावरची म्हातारी माणसं त्याला महिनाभर सोडीनात. “काय रं गड्या, आमच्या म्हशीच्या कानामागं काय तरी काळं दिसतंय. कॅन्सर असंल का बघतोस?” दुसरा म्हणायचा, “त्येला नको बोलवू, त्यो म्हशीला सांगलीला न्हील.” तो शिव्या द्यायचा आणि तिथंच बसायचा.

सुनेनं पातेल्याची चिठ्ठी फाडली नाही. डब्यात ठेवली. मी बघितलं आहे.

पुढच्या पुनवेपासून मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, अंगणात. म्हातारा दर महिन्याला बघत राहिला. त्यानंतर त्याच्या हाताला दोन डाग खरंच नवे लागले. बाईंनी दोन्ही काढून तपासायला धाडले आणि दोन्ही साधे निघाले. तुकडे तपासून येईपर्यंत त्यानं दोन्ही वेळा चहा केला नाही, मीच करू दिला नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तो दुपारचा जेवून आडवा झाला आणि उठला नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या छातीचं कधी कुणी काही बघितलं नव्हतं, त्यानंही कधी सांगितलं नाही. आधी मीच जाणार असं सगळं गाव धरून बसलं होतं, त्यात मीही होते.

आता माझी पाठ सून बघते. टाचेचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. तो गेला, मी जिवंत आहे.